समासातली रेघ

मास्तरांच्या घरी प्रुफं डोळ्यांनी वाचत नसत, तोंडाने वाचत. छापखान्याच्या दिवसांपासूनची ही पद्धत. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं, आणि वाचणाऱ्याने शब्दांबरोबर चिन्हंही बोलून दाखवायची. स्वल्पविराम, अवतरण सुरू, अवतरण संपलं, नवा परिच्छेद. नवख्या माणसाला वाटावं, इथले सगळे तारखात्यात नोकरीला आहेत. पण या घरातून बाहेर पडलेल्या कागदावर आजवर एक काना चुकलेला नव्हता, आणि त्याचा तोरा घरातल्या खुर्च्यांनासुद्धा होता.

म्हणून दुसऱ्या मजल्याचा जिना चढताना मास्तरांच्या लेकीच्या, दप्तरीच्या कानावर वडिलांचा आवाज आला तो असा: "छाप्याच्या आदल्या संध्याकाळी थोरले स्वल्पविराम नेहमीप्रमाणे स्वल्पविराम छापखान्यातच थांबले पूर्णविराम."

तिच्यामागून चढणारी आत्या थबकली.

"अजून तसंच वाचतात?"

"तसंच."

"बाबाही तसेच वाचायचे. घरी आलेली पत्रंसुद्धा. लहानपणी मला वाटायचं, पूर्णविराम हे कुणाचं तरी आडनाव आहे."

दप्तरीला हसू आलं आणि बरं वाटलं. जी बाई या जिन्यावर विनोद करू शकते, ती दारातून परत फिरणार नाही. आत्या धाकट्यांची मुलगी, सत्तरीची, हाडापेराने मजबूत, शहरातली नावाजलेली बुकबाइंडर. तीस वर्षांत तिने हा जिना चढलेला नव्हता. याचं कारण मास्तरांनी लिहिलेल्या थोरल्यांच्या चरित्रात पान दोनशे बारावर छापलेलं होतं, आणि आज त्याच चरित्राच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं वर वाचली जात होती.

थोरले आणि धाकटे सख्खे भाऊ. ऐंशी वर्षांपूर्वी परक्या राजवटीविरुद्धच्या चळवळीत थोरले भाषणं करत आणि धाकटे छापखाना चालवत. पुढच्या खोलीत शाळांच्या प्रश्नपत्रिका छापल्या जात आणि मागच्या खोलीत चळवळीची पत्रकं. एका मंगळवारी छापा पडला. थोरल्यांना चार वर्षं झाली, खिळे जुळवणारा एक जुळारी तुरुंगातच वारला, आणि धाकटे तेवढे सुटले. छाप्याच्या वेळी ते तिथे नव्हते. कुठे होते, हे त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. पन्नास वर्षं नुसती कुजबुज होती. मग थोरल्यांचे चिरंजीव, म्हणजे मास्तर, पुरावा घेऊन आले आणि कुजबुजीचं पुस्तक झालं.

दप्तरीने दार ढकललं. तिच्या काखेत निळी फाइल होती आणि मनात भीती नव्हती. नाही म्हणायला वडिलांची काळजी होती. पण सरकारी अभिलेखागारात सव्वीस वर्षं जुनी दप्तरं सोडण्या-बांधण्यात घालवल्यावर एक गोष्ट तिला पक्की कळली होती. कागद खरा असला की आवाज चढवावा लागत नाही.

लांबलचक टेबलाच्या एका टोकाला मास्तर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शेजारी आई, मूळ प्रतीवर बोट ठेवून. समोर तिचा थोरला भाऊ, इमारतींचा कंत्राटदार, पानांचे आकडे तपासत होता. पुढच्या आठवड्यात प्रकाशन समारंभ होता आणि तो यानेच ठरवला होता.

आईने आधी पाहिलं. तिचं बोट प्रतीवरच राहिलं, पण ती उठली, बोट घेऊनच उठली म्हणायची, कारण प्रतही तिच्याबरोबर टेबलावरून ओढली गेली.

"या," ती म्हणाली. "बसा ना."

"बसते, वहिनी."

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. चुलत बहिणीला त्यांनी ओळखलं नाही असं होणं शक्य नव्हतं. कपाळ थेट धाकट्यांचं होतं.

"कोण आलंय?" तरीही त्यांनी विचारलं, मुलीकडे बघून.

"मी आलेय, मास्तर," आत्याच म्हणाली. "तुमच्या लेकीने बोलावलं म्हणून. नाहीतर तुमच्या घरावाचून माझं काही अडलेलं नव्हतं."

पूर्वी ती त्यांना दादा म्हणायची. 'मास्तर' आणि 'तुम्ही' ऐकून त्यांचा चेहरा किंचित आवळला.

"दप्तरे, हे काय चालवलंयस?" कंत्राटदाराने घड्याळ पाहिलं. "एकशे नव्वदाव्या पानावर आहोत. संध्याकाळी सोळा-सोळा पानांचे फॉर्म यंत्रावर चढायचेत."

"दोनशे बारा यंत्रावर चढायच्या आत बोलायचंय, भाऊ. म्हणून तर आजच आले."

तिने फाइल टेबलावर ठेवली. दोन महिने ती परदेशात होती, त्याच तटस्थ देशाच्या परराष्ट्र खात्याच्या दप्तरखान्यात, जिथे तीस वर्षांपूर्वी मास्तर जाऊन आले होते. तिच्या कचेरीने तिला पाठवलं होतं, आणि कारण साधं होतं. राज्यकर्त्यांनी जाताना आपली दप्तरं जाळली. चळवळीतल्या माणसांनी पकडलं जाऊ नये म्हणून काही लिहूनच ठेवलं नाही. उरला तो तिसरा. तळ्यात नाही, मळ्यात नाही, बंदराजवळच्या गल्लीत वकिलात थाटून बसलेला एक कॉन्सल, जो आपल्या देशाचा कागद विकत होता आणि दर पंधरा दिवसांनी जे घडेल ते घरी लिहून कळवत होता. भांडणाऱ्या दोघांनीही हात झटकले, आणि बघ्याचं लिहिणं तेवढं टिकलं.

"नाना, तुम्ही तिथून उतरवून आणलेला उतारा मी मूळ कागदाशी ताडून पाहिला."

"पाहा की," मास्तर आत्मविश्वासाने म्हणाले. "त्यासाठी ती भाषा मी चार वर्षं शिकलो. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे निघाला तर पुस्तक मागे घेईन."

मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं अख्खं गाव म्हणायचं. दप्तरीला तेच जड जात होतं. वडील खोटं बोललेले नव्हते. वडील हलगर्जी नव्हते. दुसरा कुणी असता तर तिने दोन वाक्यांत निकालात काढला असता.

"एकही स्वल्पविराम चुकलेला नाही," ती म्हणाली. "शब्दन् शब्द बरोबर आहे. रेघ राहिलीय."

"कसली रेघ?"

तिने फाइलमधून एक छायाप्रत काढून त्यांच्यापुढे सरकवली. टंकलिखित पान, वर खात्याचा शिक्का. मधला एक परिच्छेद, पुस्तकात जसाच्या तसा गेलेला: छापखान्याचा ठावठिकाणा धाकट्या भावाकडूनच मिळाला, तो काही महिन्यांपासून अधिकाऱ्यांच्या संपर्कात आहे. आणि त्या परिच्छेदाच्या डाव्या बाजूला, समासात, वरपासून खालपर्यंत शाईची एक सरळ उभी रेघ.

मग तिने दुसरा कागद ठेवला. "संशोधक दप्तरखान्यात गेला की थेट मजकुराकडे धावतो. आम्ही दप्तरी मंडळी आधी सगळ्यांत कंटाळवाणं खोकं उघडतो, नियमांचं. हे त्यांच्या मंत्रालयाचं सगळ्या कॉन्सलना गेलेलं परिपत्रक. वाचा, नाना. मोठ्याने वाचा."

मास्तरांनी वाचलं. परभाषेतून मनातल्या मनात आपल्या भाषेत आणत, सवयीने चिन्हांसकट. "आपला देश कुणाच्याही बाजूने नाही पूर्णविराम. म्हणून कॉन्सलने स्वतः पाहिलेले व ऐकलेले मोकळे लिहावे पूर्णविराम. इतर कोणी पुरवलेला मजकूर पाठवताना स्वल्पविराम मग तो पोलिसांचा असो वा बंडखोरांचा स्वल्पविराम त्याच्या डावीकडे रेघ ओढावी पूर्णविराम. रेघेच्या आतील मजकुराची जबाबदारी कॉन्सलवर..."

ते थांबले.

"...राहणार नाही," दप्तरीने पुरं केलं. "मी साडेसहाशे कागद पाहिले. एकशे एकाहत्तर ठिकाणी रेघ आहे. धाकट्यांबद्दलचा परिच्छेद कॉन्सलचा नाही. पोलिसांनी वकिलातींना वाटलेली चिठ्ठी आहे ती. त्याने कर्तव्य म्हणून पुढे पाठवली आणि रेघ ओढून अंग काढून घेतलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर वर ढकललं.

"तू तिथे नव्हतीस," मास्तर म्हणाले. आवाज अजून ठाम होता, पण आधार शोधणारा. "छायाप्रती मिळत नव्हत्या तेव्हा. फक्त पेन्सिल आत न्यायची परवानगी. मी आपल्या भाषेत आणून वाचत होतो, तुझी आई लिहीत होती. घरच्या पद्धतीने. जे बोललं गेलं ते सगळं कागदावर आलं."

"म्हणूनच रेघ आली नाही, नाना. रेघेला आवाज नसतो."

"मग ती नंतरच्या कुणी ओढली असेल."

"मी विचारलं होतं," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आई प्रुफांच्या बैठकीत ऐकण्यासाठी असायची, बोलण्यासाठी नाही. दप्तरीने हे आजच ऐकलं. दोन महिने कागद चाळून तिला जे सापडलं नव्हतं ते घरात, चहाच्या भांड्याशेजारी बसलेलं होतं.

"लिहून झाल्यावर मी हात मोकळे करत उभी राहिले. तेव्हा पान दिसलं. मला ती भाषा येत नाही, मला रेघच दिसणार. मी म्हटलं, अहो, ही रेघ कशाची? तुम्ही म्हणालात, आपल्याआधी कुणी वाचून गेला असेल, त्याची खूण. चल, पुढचं लिही."

"मला आठवत नाही," मास्तर म्हणाले.

"मला आठवतं. तुम्ही फार आनंदात होतात त्या दिवशी. तुम्हाला हवं ते सापडलं होतं." तिचा आवाज कडू नव्हता. हिशोब चुकता करायचा नव्हता तिला, फक्त झालं ते सांगायचं होतं. "दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं मी. ते माझं चुकलं."

कंत्राटदार उठून खिडकीशी गेला आणि परत आला. तो वाईट माणूस नव्हता. वडिलांच्या छातीचं दुखणं त्याला ठाऊक होतं आणि निमंत्रणं त्याने स्वतः वाटली होती.

"बरं, समजलं," तो म्हणाला. "मार्ग काढू. शेवटी एक शुद्धिपत्र जोडू. पान दोनशे बारावरील उतारा पोलिसी माहितीवर आधारित आहे, असं. एका ओळीत काम होतं. साप मरेल, काठीही मोडणार नाही."

"शुद्धिपत्र कोण वाचतं रे?" आत्याने विचारलं.

"आत्या, लोक वाचतात."

"तू सिमेंटातलं सांग, कागदातलं मी सांगते. शुद्धिपत्र नंतर चिकटवतात. सगळ्यात आधी तेच गळून पडतं. पन्नास वर्षं कागद हाताळलाय मी." ती मास्तरांकडे वळली. "पहिली आवृत्ती कुणी बांधली, माहीत आहे तुम्हाला?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"तुमच्या छापखानदाराने बांधणी बाहेर दिली होती. मी ज्या कारखान्यात होते तिथे आली. मला नाव दिसलं, मी मागून घेतली. म्हटलं, काकांचं चरित्र, घरचं काम. चौदाव्या फॉर्मची घडी घालताना मला पान दिसलं. बाबांचं नाव, आणि खाली ते." तिने टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "अकराशे प्रती. अकराशे वेळा घडी घातली मी त्या पानाला. हाडाच्या पट्टीने दाबून. एकही वाकडी गेली नाही. मालक म्हणाला, दुसऱ्या कुणाला देतो. मी म्हटलं, नको, दुसरा कुणी वाचत बसेल."

दप्तरीला हे माहीत नव्हतं. तिने तोंड फिरवलं नाही, पण डोळे भरून आले आणि तिने ते येऊ दिले.

"एक प्रत घरी नेली," आत्या पुढे म्हणाली. "बाबा पंचाहत्तरीचे. त्यांनी ते पान वाचलं. पुस्तक मिटलं, पाठीवरून बोट फिरवलं, आणि म्हणाले, बांधणी चांगली झालीय. बस. दोन वर्षांनी गेले. तुमच्या घरातून कुणी आलं नाही."

"मी निघालो होतो," मास्तर हळू म्हणाले. "कोपऱ्यापर्यंत आलो होतो."

"कोपरा मला दिसत नव्हता, मास्तर."

कंत्राटदार खुर्चीत बसला. आता त्याच्याकडे तोडगा नव्हता. पण प्रश्न होता, आणि तो सरळ होता. "मग छापखाना दाखवला कुणी?"

"माहीत नाही," दप्तरी म्हणाली. "पुढेही कदाचित कळणार नाही. रेघेच्या आतलं मी खरं धरत नाही, आणि बाहेर त्याबद्दल काही नाही."

"आणि धाकटे चोरून वकिलातीत जायचे, त्याचं काय? लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चार वेळा, पाच वेळा. हातात काही नसताना."

"जायचे ना." तिने फाइलमधला शेवटचा कागद बाहेर काढला. हा तिने मुद्दाम मागे ठेवला होता. आधी रेघ पटायला हवी होती. "नाना, तुम्ही 'राजकीय' शीर्षकाखालची बासनं पाहिलीत. कुणीही तीच पाहील. हा कागद 'व्यापार, कागदाची निर्यात' यात होता. मी गेले ती परिपत्रकातल्या एका क्रमांकाचा माग काढत. ओल लागलेल्या कागदाच्या तक्रारींच्या गठ्ठ्यात धाकटे बसलेले होते."

तिने पान आत्याच्या पुढे ठेवलं नाही. वडिलांच्या पुढे ठेवलं. आत्याला तिने काल कारखान्यात जाऊन एवढंच सांगितलं होतं की काहीतरी सापडलंय आणि ते नानांच्या तोंडून ऐकायला या. नानांच्या तोंडून, यावर तिने जोर दिला होता. आत्याने सरसाचा हात पुसून बराच वेळ विचार केला होता आणि मग, बरं, म्हटलं होतं.

मास्तरांनी पान उचललं. पहिलं काम त्यांनी काय केलं, तर डावा समास पाहिला. पानाच्या वरून खालपर्यंत, दोनदा. समास कोरा होता.

मग त्यांनी ते मनात वाचलं. या टेबलावर त्यांना कुणी कधी मनात वाचताना पाहिलं नव्हतं. ओठ हलत होते, पण आवाज नाही. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"माझी ती वही आण," ते बायकोला म्हणाले. "आणि पट्टी."

वही आली. तपकिरी पुठ्ठ्याची, तीस वर्षांपूर्वीची, पेन्सिलीचं लेखन आईच्या हातचं. पान त्यांना शोधावं लागलं नाही. वही तिथेच उघडली. मास्तरांनी पट्टी परिच्छेदाच्या डावीकडे ठेवली आणि पेन्सिलीने रेघ ओढली. ब्याऐंशी वर्षांचा हात, तरी रेघ सरळ आली. त्यांनी वही उचलून आत्यापुढे धरली.

"हे आधीच असायला हवं होतं," ते म्हणाले. "माझ्यामुळे नव्हतं. मला जे सापडावंसं वाटत होतं ते सापडलं, आणि मी आजूबाजूला बघायचा थांबलो. वडिलांची चार वर्षं कुणामुळे गेली ते मला कळायला हवं होतं. कुणावर तरी ठेवायची होती ती मला. धाकटे काका जवळ होते."

आत्याने रेघ पाहिली. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"माफीबिफी प्रस्तावनेत नकोय मला," ती म्हणाली. "प्रस्तावना माणसं सोडून देतात. त्याच पानावर हवं. पान दोनशे बारा. घडी घालताना मला दिसलं पाहिजे."

"घडी तू घालणार?" मास्तरांनी विचारलं.

"दुसऱ्या कुणाला द्यायची टाप आहे का तुझी, दादा?"

आईने पदराने नाकाचा शेंडा पुसला आणि टेबलावरची प्रुफं सरळ केली. कंत्राटदाराने खिशातून पेन काढलं होतं आणि पान दोनशे बाराच्या ओळी मोजायला लागला होता. "उताऱ्याला रेघ, ते सोपं आहे. नव्या मजकुराच्या अकरा ओळी होतील," तो पुटपुटला. "खालचं छायाचित्र अर्धं केलं तर बसतं. ते तसंही माझ्याच इमारतीचं आहे." मग त्याने फोन उचलला आणि छापखान्याला ठणकावून सांगितलं की फॉर्म उद्या चढतील, आज नाही, आणि कारण विचारायचं नाही.

"वाचा, अहो," आई म्हणाली. कोरा कागद तिने पुढे ओढला होता. "मी लिहिते. या वेळी दिसेल ते सगळं सांगा."

मास्तर ताठ बसले. हा आवाज त्यांनी चाळीस वर्षं वर्गात वापरला होता, आणि तो शेवटच्या बाकापर्यंत जायचा.

"पान दोनशे बारा. नवा परिच्छेद. डावीकडे रेघ नाही." ते थांबले, आईचं लिहून होईपर्यंत. "पोलिसांनी छापखानदाराबद्दल दिलेला मजकूर मी गेल्या पत्रात नियमाप्रमाणे पाठवला आहे पूर्णविराम. मला स्वतःला इतकेच ठाऊक आहे की छाप्याच्या दिवशी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तो माझ्या कचेरीत बसून ओल्या कागदाबद्दल भांडत होता पूर्णविराम. तो कागद कशासाठी नेतो हे मी विचारत नाही स्वल्पविराम तो सांगत नाही पूर्णविराम. हे बाहेर फुटले तर मला हा देश सोडावा लागेल स्वल्पविराम म्हणून येथे येतो हे कुणालाही सांगणार नाही असा शब्द त्याने मला दिला आहे पूर्णविराम. तो पाळेल असे वाटते पूर्णविराम."

आत्याचे हात टेबलावर पालथे पडले होते. बावन्न वर्षं, दप्तरीने मनात मोजलं. छाप्यापासून मरेपर्यंत नाही म्हटलं तरी पन्नासच्या वर. कुजबूज चालू असताना, पुस्तक निघाल्यावर, ते पान वाचल्यावरसुद्धा. कॉन्सल केव्हाच मरून गेला होता. त्याचा देश ही गोष्ट विसरला होता. धाकट्यांनी एक वाक्य बोलायचं होतं आणि ते बोलले नाहीत.

"छाप्याची बातमी आली तेव्हा," मास्तर वाचत होते, आणि आवाज आता पहिल्या बाकापर्यंतच जात होता, "तो उठला आणि छापखान्यापासून दूर नव्हे स्वल्पविराम छापखान्याच्या दिशेने धावत गेला पूर्णविराम. मी खिडकीतून पाहिले पूर्णविराम. घाईत त्याची टोपी माझ्या टेबलावर राहिली पूर्णविराम."

"टोपी," आत्या म्हणाली. "बाबा टोपी घालत नसत. आई सांगायची, आधी घालायचे. कुठे गेली विचारलं की म्हणायचे, हरवली."

आईने पेन उचलून धरलं होतं.

"त्यानंतर तो इथे आलेला नाही पूर्णविराम," मास्तरांनी वाचलं. एकच वाक्य उरलं होतं. त्यांनी पान डोळ्यांजवळ आणलं. "टोपी मी जपून ठेवली आहे..."

पुढचं चिन्ह त्यांना उच्चारता येईना. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. एवढ्या वर्षांत या टेबलावर पहिल्यांदाच एक वाक्य अर्धवट राहिलं होतं, आणि आई पेन टेकवायची थांबली होती.

"पूर्णविराम," आत्या म्हणाली. "लिहा, वहिनी."